मेनची दांडी कुणी वर केली?

१

आमच्या मधल्या खोलीतलं सगळं जळालं, एक इस्त्री तेवढी शाबूत राहिली. टेबल गेलं, त्यावरचं घोंगडं गेलं, खिडकीचा पडदा, आजोबांची तसबीर, आईच्या रेशमी लुगड्यांची पेटी, सगळं गेलं. आणि त्या काळ्या ढिगाच्या मधोमध इस्त्री आपली बसलेली, आपण त्या गावचेच नाही अशी!

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता आम्ही आनेकलहून लग्न जेवून परत आलो, तर फाटकाशी शेजारचे सुब्बाराव उभे. धोतर गुडघ्यापर्यंत काळवंडलेलं, हाताला फडकं बांधलेलं. आमच्या दाराचं कुलूप त्यांनीच फोडलं होतं आणि आगही त्यांनीच विझवली होती.

"इस्त्री चालू राहिली होती, नरसिंहराव," ते म्हणाले. "हीटिंगचा मेन स्विच वर होता. मी तो खाली ओढला, तेव्हा..."

पण अण्णांनी, म्हणजे आमच्या वडलांनी, पुढचं ऐकलंच नाही. ते गर्रकन वसुअक्काकडे वळले.

"मेन खाली केला म्हणाली होतीस ना?"

"केला होता, अण्णा."

"मग काय भुतानं वर केला?"

वसुअक्का माझी मोठी बहीण, वसुमती. तिनं एकदा जळक्या खोलीकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या हातांकडे, आणि गप्प राहिली. तिचं ते गप्प राहणं अण्णांना कबुलीजबाबच वाटलं.

"नोकरीच्या नादात घराकडे लक्ष नाही! बस झाली ती नोकरी. सोमवारपासून बंद."

अक्का आठ महिन्यांपासून टेलिफोनच्या कारखान्यात जाते. केसासारख्या बारीक तारा डाग देऊन जोडते, हात जरा हलला की तार फुकट. तिच्या रांगेत तिच्या तारा सगळ्यात कमी परत येतात. असली मुलगी निष्काळजी? शुक्रवारी सकाळी अण्णांनी कचेरीच्या सुंदर इंग्रजीत राजीनामा लिहून रेडिओवर ठेवला. 'माझ्या निष्काळजीपणामुळे घराला आग लागली असून' अशी सुरुवात. अक्कानं नुसती सही करायची होती.

गेल्या महिन्यात शाळेच्या वादसभेत मी पहिली आले. तेव्हापासून मला गप्प बसता येत नाही, आणि शुक्रवारी तर रागानं माझे कान तापले होते. राजीनामा सोमवारी जाणार. मेनची दांडी कुणी वर केली हे शोधायला माझ्या हातात तीन दिवस होते.

२

आमच्या चामराजपेटेतल्या नव्या घरांप्रमाणे आमच्याकडेही दोन मीटर आहेत आणि दोन मेन. लायटिंगच्या तारेवर दिवे, पंखा, रेडिओ. हीटिंगच्या जाड तारेवर न्हाणीतला बॉयलर, विजेची शेगडी आणि इस्त्री. दोन्ही मेन दिवाणखान्यात, पुढच्या दाराच्या मागेच. त्यांच्यावर अण्णांच्या अक्षरात कागद चिकटवलेला आहे : 'घर बंद करताना हीटिंगचा मेन खाली करणे.' खाली सहीसुद्धा! घरच्या फळीवर सही करणारा माणूस साऱ्या बंगळूरात एकच असेल.

लायटिंगचा मेन मात्र खाली करायचा नाही, कारण देवघरातला नंदादीप. अण्णांनी दसऱ्याला नवस केलाय, वसूचं लग्न जमावं म्हणून वर्षभर अखंड दिवा. तेलाचा दिवा वाऱ्यानं जातो, म्हणून लाल बल्ब. आमच्या लायटिंगचा फ्यूज सारखा उडतो, पण तो दिवा मोठा पुण्यवान. संक्रांतीच्या सुमाराला सगळं घर काळोखात बुडालं तरी तो आपला तेवत होता! आईनं हात जोडले आणि आळीभर साखर वाटली.

दसऱ्यापासून घराला कुलूप असं पडलंच नव्हतं. आई तरी असायचीच. गुरुवारी पहिल्यांदा आम्ही सगळे बाहेर पडलो.

अक्का मागच्या अंगणात बसली होती.

"खरं सांग," मी म्हटलं. "इस्त्रीचं बटण बंद केलं होतंस?"

"माहीत नाही गं अनू. मी इस्त्री करतेय तोवर सातला करंट गेला. बारापर्यंत नाही येणार म्हणून पेपरात आलंच होतं. पण मला वाटलं, सातच्या आत एक पातळ होईल. करंट गेल्यावर बटण चालू की बंद, कळणार कसं? जटक्याचा घोडा फाटकात उभा, आई हाका मारतेय. तशीच सोडून पळाले. ती चूक माझीच."

"आणि मेन?"

"तो मी ओढला." तिनं उजवा हात पुढे केला. अंगठ्याजवळ काळंनिळं झालं होतं. "दांडी किती कडक आहे, तुला ठाऊक आहे. दोन्ही हातांनी ओढली, चिमटा बसला. म्हणून तर आठवतंय. मेन खाली, म्हणजे बटणाची काळजी नाही, असं मनात म्हटलं आणि तुझ्यामागं जटक्यात येऊन बसले."

"मग काल बोलली का नाहीस?"

"सांगितलं की एकदा. जो ऐकतच नाही त्याला किती वेळा सांगायचं?"

मला तिचाही राग आला. पण अंगठा खोटं बोलत नाही.

मागचं दार आतून कडी घातलेलं सापडलं होतं. खिडक्यांना गज. पुढचं कुलूप सुब्बारावांनी फोडेपर्यंत धड होतं. म्हणजे मेन वर करणारा दारातून, किल्लीनं किंवा कुलूप लागण्याआधी, आत गेला होता. आणि त्या कुलपाच्या किल्ल्या दोनच. एक अण्णांच्या जानव्याला.

दुसरी गुंडोदादाच्या खिशात.

३

गुंडोदादा माझा चुलतभाऊ. बेळगावकडून आला, यशवंतपूरजवळच्या एका गिरणीत वायरमन आहे आणि आमच्या पुढच्या खोलीत राहतो. लग्नाला तो आला नव्हता. मी गेले तेव्हा तो जळक्या खोलीच्या तारा कापून बाजूला करत होता.

"दादा, गुरुवारी तू मधेच घरी आला होतास?"

"सहाला गेलो, दोनला सुटलो. गिरणीत जाऊन विचार. कार्ड आहे माझं."

"तू नाही, तर मेन कुणी वर केला?"

त्याच्या हातातला पेचकस खाली पडला. उचलायला तो वाकला आणि नको तितका वेळ वाकलेलाच राहिला.

"अनू, शाळेचा अभ्यास नाही का तुला?"

"आहे. पण अक्काची नोकरी जातेय."

"मला कळत नाही होय?" तो चिडून म्हणाला, पण ती चीड माझ्यावरची नव्हती. "हे बघ, तू त्या मेनच्या फळीला हात लावू नकोस. काकांना विचारल्याशिवाय तर नाहीच नाही."

"का? काय आहे तिथं?"

"काही नाही."

मी कोपऱ्यातल्या राखेकडे बघत उभी राहिले. या मधल्या खोलीच्या दारामागे खुंटी होती, तिच्याखाली काळ्या सळया पसरून पडल्या होत्या, एखाद्या मेलेल्या कोळ्यासारख्या. अण्णांची छत्री.

गिरणीचं कार्ड मी शनिवारी शाळेतल्या मैत्रिणीच्या भावाकरवी विचारून घेतलं. तो त्याच गिरणीत आहे. दादा दोनपर्यंत तिथंच होता. म्हणजे त्यानं दांडी वर केली नव्हती.

मग तो घाबरला कशाला?

४

शनिवारी दुपारी मी गंगव्वेला गाठलं. ती आमची भांडी घासते, मागच्या अंगणातच. तिच्याकडे घराची किल्ली नाही, पण तिच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही.

"अण्णा म्हणतात, गंगव्वेलाही विचारायला पाहिजे," मी मुद्दाम म्हटलं.

"विचारू दे की! मी काय भितो?" तिनं तपेली आपटली. "मी भांडी घासून फाटकापाशी उभी होते, तुमी समदी गेल्यावर कडी लावायला. तू आनि अक्का जटक्यात. आईसाब फाटकात. राव दारात कुलूप घिऊन. म्हनले, छत्री इसरली. आत गेले."

"एकटेच?"

"मग काय वाजंत्री घिऊन जातील?"

"छत्री घेऊन बाहेर आले?"

गंगव्वा हातातली राख झाडत थांबली.

"न्हाई बघ. हात हलवीत आले. मी म्हटलं, राव, छत्री? तर बोललेच न्हाईत. कुलूप लावलं नि गेले."

माघाचं कडक ऊन, आकाशात ढगाचा ठिपकासुद्धा नाही. छत्री कशाला? आणि गेलेच होते तर खुंटीवरची छत्री त्यांना दिसली कशी नाही? खुंटी मधल्या खोलीत. तिथं गेले असते तर इस्त्रीही दिसली असती. ते तिथवर गेलेच नव्हते. दाराच्या आत दोन पावलं टाकून परत आले होते. आणि दाराच्या आत दोन पावलांवर काय आहे?

मेनची फळी. पण का? स्वतःचाच नियम, स्वतःची सही, आणि स्वतःच्या हातानं मोडायचा?

मी तशीच सुब्बारावांच्या ओसरीवर गेले. ते आरामखुर्चीत हात उंच धरून बसले होते.

"काका, गुरुवारी तुम्ही अण्णांना काहीतरी सांगत होता. मेन ओढला तेव्हा, आणि पुढं?"

"अय्यो, ते होय? स्वल्प बस. बाराला करंट आला, आमचा रेडिओ गायला लागला. अर्ध्या तासात तुमच्या खिडकीतून धूर. कुलूप फोडलं, आत गेलो, आधी हीटिंगचा मेन ओढला. आणि ओढल्या ओढल्या देवाचा दिवा गेला बघ! मनाला फार लागलं. म्हटलं, धुरानं कोंडला बिचारा."

"आणि दिवाणखान्यातला दिवा?"

"तो होता की. तुम्ही सकाळी चालूच सोडलेला. त्याच उजेडात बादल्या मारल्या."

"लायटिंगचा मेन तुम्ही ओढला नाहीत?"

"नंतर. आग विझल्यावर. सरी, असू दे, पण हे सगळं कशाला?"

मी उत्तर न देताच उठले. धुरानं समई कोंडते. काचेतला बल्ब कसा कोंडेल?

५

रविवारी दुपारी आम्ही सगळे जेवायला बसलो. दिवाणखान्यात पंखा फिरत होता, रेडिओवर कानडी भजन लागलं होतं आणि त्याच्यावर राजीनामा तसाच.

"वसू, जेवण झालं की सही कर," अण्णा म्हणाले.

मी पानावरून उठले.

"अगं, अर्ध्या जेवणातून कुठं?" आई म्हणाली.

मी मेनपाशी गेले आणि दोन्ही हातांनी लायटिंगची दांडी खाली ओढली. भजन मधेच तुटलं. पंखा थांबत थांबत थांबला. देवघरात लाल बल्ब मात्र जसाच्या तसा.

"अगो बाई, पुन्हा पावला!" आईनं खरकटेच हात जोडले.

"देव नाही पावला आई, गुंडोदादा पावलाय."

दादानं मान खाली घातली. मी दुसऱ्या दांडीवर हात ठेवला, हीटिंगच्या.

"अनुसूये! हात काढ!" अण्णा पाट उडवून उभे राहिले. "दिवा जाईल!"

मी हात काढला. ओढायची गरजच उरली नव्हती.

"कुठला दिवा, अण्णा? ही तर इस्त्रीची दांडी. बॉयलरची, शेगडीची. देवाचा हिच्याशी काय संबंध?"

मग मीच बोलले, आणि वादसभेत बोलले त्याहून मोठ्यानं. लायटिंगचा फ्यूज सारखा उडतो. नवस अखंड दिव्याचा. म्हणून अण्णांनी दादाकडून तो बल्ब गुपचूप हीटिंगच्या जाड तारेवर जोडून घेतला. संक्रांतीचा चमत्कार तो हाच. गुरुवारी अक्कानं नियमाप्रमाणे मेन ओढला. आता दुपारी करंट येईल, पण दिवा लागणार नाही! हे एकट्या अण्णांना माहीत. सांगावं तर गुपित फुटतं. म्हणून छत्री आठवली. आत गेले, दांडी वर केली, बाहेर आले. छत्री आणायचं तेवढं विसरले.

"काकांनी शपथ घातली होती," गुंडोदादा पुटपुटला. "हीटिंगची वीज स्वस्त, तिच्यावर दिवा घ्यायला परवानगी नसते. कळलं तर करंट तोडतात. काकांच्या कचेरीत नाव जाईल म्हणून..."

"आणि इथं अक्काचं नाव गेलं ते?"

अण्णांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "मी स्वतःच्या हातानं नंदादीप मालवायचा? नवसाचा?"

"सात ते बारा मालवलेलाच होता की! करंटच नव्हता!"

"तो विजेच्या बोर्डानं मालवला. मी नव्हे." हे त्यांनी अगदी खरेपणानं म्हटलं. "आणि इस्त्री लावलेली आहे हे मला काय ठाऊक, अनू? ठाऊक असतं तर..."

"बरोबर आहे," अक्का म्हणाली.

तीन दिवसांत अण्णांशी ती पहिल्यांदा बोलत होती. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"गुरुवारी सकाळी तुम्हाला ठाऊक नव्हतं. मलाही बटणाचं ठाऊक नव्हतं. आपण दोघंही चुकलो, अण्णा. पण गुरुवारी पाच वाजता तुम्हाला कळलं. फाटकात, सुब्बारावकाका बोलले तेव्हाच कळलं. आज रविवार आहे. तीन दिवस तुम्ही माझ्याकडे बघत जेवलात."

"वसू, तुझ्यासाठीच होता गं तो नवस."

"दिवा माझ्यासाठी, आणि आगही माझ्याच नावावर?"

आईनं पदर तोंडाला लावला. तिनं अण्णांना आत जाताना पाहिलं होतं. छत्रीशिवाय बाहेर येतानाही पाहिलं होतं. तिनंही तीन दिवस तोंड उघडलं नव्हतं आणि हे मी विसरणार नाही.

अक्कानं हात धुतले, रेडिओवरचा कागद उचलला, पूर्ण वाचला.

"इंग्रजी फार चांगलं आहे," ती म्हणाली आणि तो अण्णांच्या पानाशेजारी ठेवला. "खाली नाव तेवढं बदला."

६

सोमवारी साडेसहाला कारखान्याची बस नेहमीप्रमाणे आमच्या कोपऱ्यावर आली. राजीनाम्याचं कुणी काही बोललं नव्हतं. रात्रीत अण्णांनी तो फाडला होता की जपून ठेवला होता, देव जाणे. अक्कानं पातळ नेसलं, वेणी घातली, डबा घेतला. मी दप्तर न घेताच तिच्यामागे निघाले.

मागून चपलांचा आवाज आला. अण्णा. सदऱ्याची बटणं वरखाली लावलेली.

"डबा घेतलास?" त्यांनी विचारलं.

"घेतला."

"भात आहे ना? नुसत्या चपात्या नकोत दुपारी."

"आहे."

ते आणखी काहीतरी विचारणार होते, मला दिसत होतं. पाण्याचं, रुमालाचं, असलंच काहीतरी. बसच्या खिडक्यांतून अक्काच्या मैत्रिणी डोकावत होत्या. एकीनं "वसु, बा बा, ये लवकर!" म्हणून हाक मारली.

अक्का पायरीवर चढली आणि वळली.

"अण्णा, कालपासून तुम्ही नवसाचं बोललात, बोर्डाचं बोललात, डब्याचं बोललात. माझं चुकलं, असं अजून बोलला नाहीत. बस पाच मिनिटं थांबते."

खिडक्यांतलं हसणं बंद झालं. ड्रायव्हरनं विडी पेटवली. माझ्या जिभेवर दहा वाक्यं आली होती, पण ती मी दातांखाली धरली. हे तिचं होतं.

अण्णा रस्त्याकडे बघत राहिले. मग स्वतःच्या चपलांकडे. एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. ड्रायव्हरची विडी संपली, त्यानं ती टाकली आणि इंजिन सुरू केलं. अक्का आत जायला वळली.

"वसू," अण्णा म्हणाले. इंजिनच्या आवाजात ते बुडालं. म्हणून ते दोन पावलं पुढं आले, बसच्या दांड्याला धरलं आणि ओरडूनच बोलले, त्या सगळ्या मुलींच्या देखत, "माझं चुकलं! मेन मी वर केला होता!"

अक्कानं मान हलवली आणि जागेवर जाऊन बसली. बस निघाली. अण्णा धुरळ्यात तसेच उभे राहिले आणि मी त्यांच्या शेजारून एकटीच घरी परत आले. माझा राग अजून उतरलेला नव्हता, आणि तो उतरवायची मला काही घाई नव्हती.